डकवलेला कागद

ती गेल्याचा फोन आला तेव्हा त्याचे दोन्ही हात खळीने माखलेले होते.

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात तो हजेरीपुस्तकांच्या पाठीला कापड लावत होता. फोन मालकांच्या टेबलावर वाजला. मालकांनी ऐकून घेतलं, फोन खाली ठेवला आणि कागद कापायचं यंत्र बंद करायला सांगितलं. ते यंत्र कामाच्या वेळात कधी थांबत नसे, म्हणून सगळ्यांच्या माना वर झाल्या. मालक त्याच्याजवळ आले. "तुझ्या सासूबाईंचा फोन होता. बायकोला दवाखान्यात नेलंय. तू नीघ."

तो नळावर गेला. हात धुतले आणि नखांच्या कडांतली खळ काढत उभा राहिला. घरी अठरा दिवसांची मुलगी होती. तिला हात लावायचा तर नखं लखलखीत हवीत, असा बायकोचा दंडक होता. मालक मागून येऊन उभे राहिले. "राहू दे रे ते," म्हणाले आणि त्यांनी त्याच्या हातात टॉवेल दिला. बावीस वर्षांत मालकांनी कारखान्यात कुणाच्या हातात टॉवेल दिलेला त्याने पाहिला नव्हता. तो टॉवेल घेतानाच त्याला कळलं.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला बाकावर बसवून सांगितलं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली. गाडी दवाखान्याच्या दारात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. मग त्यांनी विचारलं, "गेल्या चार दिवसांत एखादा पाय दुखत होता का? सुजला होता?"

"थोडासा," तो म्हणाला. "बाळंतपणात होतंच ना तसं."

बाईंनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. नात त्यांच्या खांद्यावर गाढ झोपली होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अंथरुणात पडून राहिल्याने होतं का हो असं?" डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या आणि खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणाल्या, "कारणं पुष्कळ असतात, त्यातलं ते एक. ऑपरेशननंतर थोडं थोडं चालावं लागतं." सासूबाईंनी मान हलवली. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं, आणि त्या दिवसापासून ते त्यांनी सोडलं नाही.

कारण लेकीला झोपवून ठेवलं होतं ते त्यांनीच. मूल पोट फाडून काढावं लागलं होतं. पाचव्या दिवशी घरी आणलं तशी सासूबाईंनी पलंगाची हद्द आखून दिली. न्हाणीघरापर्यंत जायचं तेवढं जा, बाकी पाय खाली टेकवायचा नाही. "पोट उसवून शिवलंय, ती काय उशीची खोळ आहे?" असं त्या म्हणत. लेक कंटाळून खिडकीपर्यंत गेली तरी त्या ओरडत धावत येत. तो कामावरून येई तेव्हा मायलेकींचं भांडण रंगात आलेलं असे आणि दोघी त्याला पंच नेमत. तो शहाण्यासारखा मुलीचे लंगोट वाळत घालायला निघून जाई.

आता त्या कागदाची गोष्ट सांगितली पाहिजे.

दवाखान्यातून सुटी मिळताना नर्सबाईंनी कागदांचा गठ्ठा हातात दिला होता. टाक्यांवर पाणी किती दिवस घ्यायचं नाही, गोळ्या कुठल्या, मुलीला टोचायला कधी आणायचं. त्यातच एक जाड कागद होता, दोन्ही बाजूंनी छापलेला. एका बाजूला मथळा होता, 'बाळंतपणानंतर शरीर सावरताना', आणि खाली यादी. अंगावरून जाणं पाच-सहा आठवडे चालू राहतं, आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळट. मूल पाजताना पोटात कळा येतात, पिशवी जागेवर येत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते. झोपेत घामाने कपडे भिजतात. टाक्यांच्या आसपास बधिर वाटतं. कारण नसताना रडू येतं. पायांवर सूज येते, आठ-दहा दिवसांत उतरते. हे सगळं स्वाभाविक आहे, घाबरू नका.

बायकोला तो कागद फार आवडला. पहिल्यांदाच कुणीतरी तिला आधी सांगून ठेवलं होतं. घरी आल्यावर ती म्हणाली, "हा मला समोर दिसेल असा लावा ना." त्याला सांगायचा अवकाश. त्याच्या घरात कागद म्हणून सुटा सापडत नसे. विजेचं बिल असो, वेळापत्रक असो, त्याला दिसलं की तो पुठ्ठ्यावर डकवून मोकळा. बायको म्हणायची, या माणसासमोर फार वेळ स्वस्थ बसायची सोय नाही, मलाही पुठ्ठ्यावर चढवेल.

त्याने कागद उलटून पाहिला होता. हे तो पुढे स्वतःपासूनही लपवू शकला नाही. मागच्या बाजूचा मथळा लाल अक्षरांत होता, 'यांपैकी काही झाल्यास ताबडतोब दवाखान्यात या'. त्याखालच्या दोन ओळी त्याने वाचल्या. एकीत अंगावरून जाण्याच्या वासाबद्दल होतं, दुसरीत रक्ताची लिंबाएवढी गाठ पडण्याबद्दल. त्याचे कान तापले. रविवारी मालक आणि मालकीणबाई बाळाला बघायला यायचे होते. मालक पलंगासमोरच्या खुर्चीत बसणार, आणि त्यांच्या नाकासमोर असलं वाचायला. आणि ते तर ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी. हिचं सगळं ठीक होतं.

बांधणीत कुठला कागद उघडा ठेवायचा आणि कुठला दाबायचा, हे ठरवायला त्याला क्षण लागत नसे. लाल बाजूवर त्याने खळ फासली, कागद पुठ्ठ्यावर बसवला, हाडाच्या पट्टीने मधून कडेकडे दाबत हवा काढली. एक बुडबुडा राहिला नाही. नोंदवहीत नकाशा लावायचा असला की एका कडेला कापडाची पट्टी लावून तो उलटता ठेवतात, दोन्ही बाजू दिसतात. हे काम तो रोज करायचा. इथे ते केलं असतं तर जास्तीची दोन मिनिटं लागली असती.

पुठ्ठा पलंगासमोरच्या स्टुलावर उभा राहिला. बायको रोज पेन्सिलीने एकेका ओळीवर खूण करायची. "घामही झाला. रडणंही झालं. सगळे प्रश्न अभ्यासातलेच आलेत," असं म्हणायची. मालकीणबाईंनी तो पुठ्ठा हातात घेऊन कौतुक केलं, तेव्हा ती म्हणाली, "बघा, माझ्या बाळंतपणालाही बाइंडिंग करून दिलंय."

पंधराव्या दिवशी तिची डावी पोटरी दुखायला लागली. तो कामावरून आला तेव्हा तिने पाय चादरीबाहेर काढून दाखवला. पोटरी टम्म झाली होती. त्याने हात लावला तर गरम लागली. ती म्हणाली, "बघा हो, कागदावर काही आहे का." त्याने सुजेची ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

"पण माझा एकच पाय सुजलाय."

"दुसऱ्याचा नंबर उद्या लागेल," तो म्हणाला. "रांगेत उभा आहे."

ती टाक्यांवर हात धरून हसली. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "कागदाच्या मागेपण काहीतरी होतं ना? दवाखान्यात मला दिसलं होतं. लाल लाल."

त्या वेळी त्याने खरं सांगितलं असतं, तर ती रागावली असती, त्याला लाजाळूचं झाड म्हणाली असती, आणि तिघं रिक्षा करून दवाखान्यात गेले असते. तो म्हणाला, "मागे काही नव्हतं. पत्ता होता, फोन नंबर होते."

तिने विश्वास ठेवला. सासूबाईंनी पायाखाली उशी दिली आणि आता तर मुळीच उठू नकोस असं बजावलं. ती तीन दिवस उठली नाही.

मुलगी दीड महिन्याची झाली तेव्हा दवाखान्याच्या नर्सबाई वजन करायला घरी आल्या. पुठ्ठा अजून स्टुलावरच होता. त्याला हलवायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, म्हणण्यापेक्षा कुणाचा हात धजला नव्हता. सासूबाई स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होत्या. नर्सबाईंनी पुठ्ठा उचलला, पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या, आणि सवयीने उलटा केला. मागे कोरा पुठ्ठा.

"मागची बाजू कुठंय?"

"आत आहे," तो म्हणाला. "डकवली."

नर्सबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. त्या त्याला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, सुटी देताना कागद उलटून दाखवणं माझं काम होतं, त्या दिवशी सतरा जणी घरी जात होत्या, मी नुसता गठ्ठा हातात ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंनी मला मघाशी दारातच सांगितलं, मीच माझ्या पोरीला झोपवून मारलं म्हणून. त्यांना हे ठाऊक आहे?"

"नाही."

"तुम्ही सांगाल, की मी सांगू?"

"मी सांगतो," तो म्हणाला.

त्या गेल्यावर पुठ्ठा घेऊन तो न्हाणीघरात शिरला आणि त्याने कडी लावली. चिकटलेला कागद सोडवायची रीत त्याला माहीत होती. ओलं फडकं घालून थांबायचं, कोपऱ्यापासून सुरुवात करायची, ओढायचं नाही, गुंडाळत न्यायचं. पण खळ त्याने स्वतः शिजवलेली होती, तिच्यात खोट नव्हती. कागद पापुद्र्यांनी सुटला. अर्धी अक्षरं पुठ्ठ्यावर उलटी राहिली, अर्धी कागदाबरोबर आली. तो गुडघ्यांवर बसून जुळवत राहिला. पाचवी ओळ पुरी लागली. 'एकाच पायाची पोटरी दुखणे, सुजणे, गरम लागणे. त्याच दिवशी दाखवा.' सहावी होती अचानक दम लागण्याची.

बाहेरून सासूबाईंनी दार वाजवलं. "एवढा वेळ पाणी कशाला सोडलंय? बरं वाटतंय ना?"

"हात धुतोय," तो म्हणाला.

"धुवा, धुवा. हिने तुम्हाला चांगलीच सवय लावून ठेवली आहे," त्या म्हणाल्या, आणि दाराबाहेरच रडायला लागल्या. दार उघडून सांगायला हवं होतं. कागदाचे ओले तुकडे हातातच होते. त्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळले आणि दुसऱ्या दिवशी कामावर नेऊन रद्दीच्या पोत्यात टाकले.

त्यानंतर सांगायची वेळ रोज येत होती आणि रोज टळत होती. सकाळी मुलगी रडत असे. दुपारी तो कामावर. संध्याकाळी सासूबाई दमलेल्या असत, आणि दमलेल्या माणसाला असलं काय सांगायचं, असं तो स्वतःला समजावी. रविवारी म्हणे, आज एक दिवस तरी सुखाने जाऊ दे. बहाण्यांना काय तोटा. खरी गोष्ट अशी होती, की त्या घरात त्याच्याकडे मान वर करून बघणारं एकच माणूस उरलं होतं आणि त्या माणसाने मान फिरवावी हे त्याला सोसणार नव्हतं. म्हणून आपलं ओझं तो सासूबाईंच्या डोक्यावर राहू देत होता.

आणि सासूबाई ते गावभर मिरवत होत्या. शेजारच्या बिऱ्हाडात एक बाळंतीण आली, तिला त्यांनी रोज हाताला धरून जिन्यापर्यंत चालवली. तिच्या आईला सुनावलं, "माझ्यासारख्या म्हाताऱ्यांचं काडीचंही ऐकू नका. आम्हाला चार मुलं झाली म्हणजे आम्ही डॉक्टर झालो नाही." दुकानात, जिन्यात, जिथे कुणी गरोदर बाई दिसेल तिथे त्या थांबून आपला गुन्हा सांगत. लोक ओशाळून दुसरीकडे बघत. कुणी म्हणे, आई, तुम्ही मायेपोटीच केलंत. त्यावर त्या म्हणत, "माया आंधळी असेल, पण मला डोळे होते ना."

चौथ्या महिन्यात मुलीला टोचायला घेऊन दोघं दवाखान्यात गेले. रांग मोठी होती. शेजारच्या बाकावर एक तरुण बाप होता, पहिलटकरीण बायकोबरोबर आलेला. तिच्या कुशीत जेमतेम पंधरा दिवसांचं मूल. सासूबाईंनी त्या बाळंतिणीला आधी विचारलं, चालतेस ना ग घरात? मग नेहमीची कहाणी सुरू केली. तो खाली मान घालून मुलीच्या टोपीची नाडी बांधत राहिला. कहाणी झोपवून ठेवण्यापर्यंत आली, पायाखालच्या उशीपर्यंत आली. तो तरुण म्हणाला, "जाऊ द्या आजी, तुम्हाला काय माहीत होतं."

"मला माहीत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "पण हा माणूस बघा. माझा जावई. माझ्यामुळे याची बायको गेली. तीन महिने झाले, एका शब्दाने मला बोलला नाही. दुसरा असता तर माझी बोचकी रस्त्यावर फेकली असती. पोटचा मुलगा असं वागला नसता."

रांगेतल्या चार-पाच जणांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरांत आदर होता. तरुण बापाने तर जागा करून त्याला बसायला सांगितलं.

 उभ्या उभ्या जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते त्याला तिथे कळलं. तो म्हणाला, "आई, तसं नाही."

"तसंच आहे."

"नाही, ऐका. त्या कागदावर..."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "कागदावर फक्त सूज म्हणून लिहिलं होतं. तुम्ही वाचूनसुद्धा दाखवलंत. तुम्ही तुमच्यापरीने सगळं केलंत. आता तुम्ही स्वतःला दोष देत बसू नका, मी आहे त्याला." आणि त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. नातीच्या पाठीवरून फिरवायच्या तसा.

तेवढ्यात नंबर पुकारला गेला. तो मुलीला घेऊन आत गेला. सुई टोचल्यावर मुलगी कळवळून रडली आणि तिच्या आवाजाखाली त्यालाही रडायला मिळालं. आत नर्सबाईच होत्या. मुलीच्या मांडीवर कापूस दाबत त्यांनी हळूच विचारलं, "बोललात का आईंशी?"

"हो," तो म्हणाला.

"मग? काय म्हणाल्या?"

"काही नाही. समजून घेतलं."

"देवमाणूस आहेत त्या," नर्सबाई म्हणाल्या. मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. दवाखान्याने तो कागद नव्याने छापला होता, लाल यादी आता पुढच्या बाजूला होती, अक्षरंही मोठी. त्या म्हणाल्या, तुमचं मी वरच्या डॉक्टरांना सांगितलं, तुमचं नाव न घेता. त्याने भिंतीकडे पाहिलं नाही. दाराबाहेर सासूबाई बाकावर बसल्या होत्या, त्या तरुण मुलीचा तळवा हातात घेऊन काहीतरी सांगत होत्या. कापूस हातात धरून, रडणाऱ्या मुलीला घेऊन तो मागच्या दाराने निघून गेला असता. पण मागचं दार नव्हतं.

घरी येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, आज तुम्ही काहीतरी सांगत होतात कागदाचं. तो म्हणाला, काही नाही, नवीन छापलाय त्यांनी. "चांगलं केलं," त्या म्हणाल्या.

मुलगी आता आठ महिन्यांची आहे. बसते, आजीचा चष्मा ओढते, आजी समोरून हलली की भोकाड पसरते. सासूबाईंना अलीकडे झोप लागत नाही. भूक कमी झाली आहे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. मनाला काही लागलंय का, असं त्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं. त्यावर तो म्हणाला, मुलगी गेली ना त्यांची. हे खोटं नव्हतं. शेजारची बाळंतीण आपल्या मुलाला घेऊन आली की सासूबाई तिला तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगतात आणि ती बिचारी पुन्हा पहिल्यापासून ऐकते. तो असला तर उठून कपडे वाळत घालायला जातो.

सासूबाईंना त्याने अजून सांगितलेलं नाही.